सूचना विसरणारी, मधेच हरवणारी मुलं: वर्गात मदत कशी करायची

वर्गात काही मुलं वही उघडतात, तारीख घालतात आणि तिथेच थांबतात. सांगितलेलं त्यांनी ऐकलेलं असतं, पण पेन्सिल हातात येईपर्यंत ते डोक्यातून निसटलेलं असतं. प्रगतिपुस्तकात अशा मुलांच्या वाट्याला वर्षानुवर्षं तेच शेरे येतात: ‘लक्ष देत नाही’, ‘हुशार आहे, पण आळशी’, ‘मन लावत नाही’. त्या शेऱ्यांचा मुलाला उपयोग नाही आणि पुढच्या शिक्षकालाही नाही, कारण गाडं नेमकं कुठे अडतं हे त्यात कुठेच नसतं.

या मुलांना मदत करायची तर ती काम चालू असताना, अडलेल्या जागीच करावी लागते. शाळा सुटल्यावर जवळ बसवून कितीही समजावलं, तरी दुसऱ्या दिवशी तिसऱ्या तासाला जेव्हा मूल पुन्हा अडतं तेव्हा त्या समजावण्यातलं काही हाताशी नसतं. खाली सुचवलेले बहुतेक बदल म्हणूनच आपल्या सांगण्यात, फळ्यावर, वहीच्या पानावर आणि बाकाच्या जागेत करायचे आहेत.

डोक्यात काय होतं

एखादी गोष्ट काही क्षण धरून ठेवायची आणि त्याच वेळी तिच्यावर काम करायचं, या क्षमतेला मानसशास्त्रात वर्किंग मेमरी म्हणजे कार्यस्मृती म्हणतात. ही जणू मनातली पाटी, आणि ती फार लहान असते. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार प्रौढ माणसाच्या पाटीवरही एका वेळी साधारण चारच गोष्टी मावतात. मुलांची पाटी त्याहून लहान असते आणि ती किशोरवयापर्यंत हळूहळू वाढते. सगळ्यांची सारख्या वेगाने वाढत नाही, ही अडचण. सुझन गॅदरकोल आणि ट्रेसी ॲलोवे यांनी या विषयावर वर्गांमध्ये बरंच काम केलं. त्यांच्या मते सात-आठ वर्षांच्या ३० मुलांच्या वर्गात निदान तिघांची कार्यस्मृती चार वर्षांच्या सरासरी मुलाइतकी असते आणि दुसऱ्या तिघांची अकरा वर्षांच्या मुलाइतकी. आपण मात्र सूचना एकच देतो, सगळ्यांना एकदम.

पाटीवरचं पुसलं गेलं की ते गेलंच. ‘आठव बरं, मी काय सांगितलं होतं?’ असं विचारून ते परत येत नाही, पुन्हा सांगावंच लागतं. आणखी एक गोष्ट शिक्षकाच्या कामाची आहे. अ‍ॅलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार ऐकलेलं आणि पाहिलेलं वेगवेगळ्या ठिकाणी धरलं जातं. ऐकलेलं मनातल्या मनात घोकलं नाही, तर दोनेक सेकंदांत विरायला लागतं. म्हणून तोंडी सांगितलेलं फळ्यावर दिसतही असेल, तर मुलाला दोन आधार मिळतात.

अवधानाची अडचण याला लागूनच येते, पण ती वेगळी आहे. कुणाला काम सुरूच करता येत नाही. कुणी सुरू करतं, पण टिकत नाही. कुणाचं लक्ष हललं की परत त्याच ओळीवर येता येत नाही. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. ‘आवडीचं असलं की तासभर बसतो, मग गणितालाच काय होतं?’ ही तक्रार घरातून नेहमी येते. आवडीच्या खेळात दर काही सेकंदांनी काहीतरी घडतं, लगेच कळतं की जमलं की नाही. बारा उदाहरणांच्या पानावर तसं काहीच घडत नाही. उशिरा मिळणाऱ्या फळासाठी आत्ता नेट धरणं या मुलांना खरोखर जड जातं. यात मुलाचा लबाडपणा शोधू नये.

आधी दोन आठवडे पाहा आणि लिहून ठेवा

उपाय लगेच सुरू करण्याचा मोह होतो. पण आधीची नोंद नसेल, तर उपाय लागू पडला की नाही हे नंतर कळतच नाही.

मुलं स्वतःचं काम करत असतील तेव्हा १० मिनिटं ठरवा. दर ३० सेकंदांनी एकदा त्या मुलाकडे पाहा आणि त्या क्षणी ते कामात आहे की नाही, एवढीच खूण करा. २० खुणा होतात. त्याच वेळी वर्गातल्या एखाद्या सर्वसाधारण मुलाच्याही खुणा करा. ही तुलना फार महत्त्वाची आहे. ते सर्वसाधारण मूलही २० पैकी ११ वेळाच कामात सापडलं, तर अडचण त्या कामात किंवा त्या तासात आहे, एका मुलात नाही. वेगवेगळ्या विषयांत आणि वेगवेगळ्या वेळी अशा पाच-सहा नोंदी झाल्या की चित्र दिसू लागतं. सहकारी शिक्षक नोंद करू शकले तर उत्तमच.

सोबत चुकांचे नमुने गोळा करा. श्रुतलेखनात ‘पावसाळ्यात नदीकाठच्या झाडांवर पाखरांची दाटी होते’ हे वाक्य सांगितलं, समजा. एका मुलाने ‘पावसाळ्यात नदिकाठच्या झाडांवर पाखरांचि दाटि होते’ असं लिहिलं. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं, पण सहाच्या सहा शब्द जागेवर आहेत. याची कार्यस्मृती ठीक आहे, शुद्धलेखन शिकवायला हवं. दुसऱ्याने लिहिलं ‘पावसाळ्यात झाडांवर होते’. जे लिहिलं ते शुद्ध, पण मधले शब्द गळून गेले. याला शुद्धलेखनाचा सराव देऊन काही फरक पडणार नाही. त्याला वाक्य धरून ठेवायला मदत हवी. लाल पेनाने दोघांनाही सहापैकी तीन गुण दिले, तर हा सगळा फरक बुजून जातो.

गणितातही असंच. ४७ × ६ याचं उत्तर २८२. मुलाने २४२ लिहिलं असेल, तर त्याला ६ × ७ = ४२ येतं, ६ × ४ = २४ येतं, फक्त हातचा ४ वाटेत हरवला. २७६ लिहिलं असेल, तर हातचा नीट धरला, पाढाच चुकला: ६ × ७ चे ३६ केले. पहिल्याला हातचा लिहायला ठरलेली चौकट द्यायची, दुसऱ्याला सहाचा पाढा पक्का करून द्यायचा. दोघांनाही ‘वीस गुणाकार जास्त करून आण’ असं सांगितलं, तर पहिलं मूल वीस वेळा हातचा हरवण्याचा सराव करून येतं.

या नोंदींमधून कार्यस्मृतीच्या अडचणीच्या काही खुणा वारंवार दिसतात. सूचनेचा पहिला किंवा शेवटचा भाग केला जातो, मधला राहतो. वाक्यातला एखादा शब्द दोनदा लिहिला जातो. फळ्यावरून उतरवताना एकेका अक्षरासाठी मान वर जाते. हात वर करतं, पण विचारलं की ‘विसरलो’ म्हणतं. आणि अशी बरीच मुलं, विशेषतः मुली, वर्गात शांत असतात. त्या कुणाला त्रास देत नाहीत, म्हणून कुणाच्या नजरेत येत नाहीत.

सूचना कशी द्यायची

सगळ्यात कमी कष्टात सगळ्यात जास्त फरक इथे पडतो. ही सूचना पाहा:

‘गणिताची पुस्तकं काढा, पान ४२ उघडा, तिसऱ्या उदाहरणापासून सोडवा, पाचवं मात्र सोडा, समास आखायला विसरू नका आणि झालं की माझ्याकडे आणा.’

एका दमात सहा गोष्टी झाल्या. शिवाय ‘पाचवं सोडा’ ही गोष्ट आत्ता ऐकायची आणि दहा मिनिटांनी वापरायची आहे. लहान पाटीच्या मुलाच्या हाती यातून ‘पुस्तकं काढा’ आणि कदाचित ‘माझ्याकडे आणा’ एवढंच राहतं. तीच सूचना अशी द्या:

१. आधी वर्ग शांत होऊ द्या. मुलं हालचाल करत असताना बोललेलं फुकट जातं. त्या मुलाच्या बाकाजवळ जाऊन उभे राहिलात तर आणखी बरं.

२. ‘गणिताचं पुस्तक. पान ४२.’ एवढं म्हणून थांबा. सगळ्यांची पानं उघडली की पुढे.

३. फळ्याच्या एका ठरलेल्या कोपऱ्यात लिहा: ‘समास. ३, ४, ६, ७.’ पाचवं नको असेल तर ते लिहूच नका. ‘हे करू नका’ हे लक्षात ठेवणं ‘हे करा’पेक्षा जड असतं.

४. त्या मुलाला हळूच विचारा, ‘तू पहिल्यांदा काय करणार?’ त्याने स्वतःच्या शब्दांत सांगायचं. ‘समजलं का?’ हा प्रश्न विचारू नका. त्याचं उत्तर नेहमी ‘हो’ येतं.

५. एका मिनिटाच्या आत परत जाऊन पाहा की पहिलं उदाहरण सुरू झालं का.

यात चूक होते ती बहुतेक वेळा पुन्हा सांगताना. मुलाला कळलं नाही की आपण तीच गोष्ट वेगळ्या शब्दांत आणि लांबवून सांगतो. त्याने मुलाला दुसरी नवी सूचना धरावी लागते. दुसऱ्यांदाही तेच शब्द वापरा, हवं तर आणखी कमी करा. काम सुरू झाल्यावर ‘हां, आणि एक राहिलंच’ असं संपूर्ण वर्गाला मोठ्याने सांगणं टाळा. तेवढ्याने या मुलांचा धागा तुटतो आणि परत सापडायला बराच वेळ जातो.

प्रश्न विचारताना आधी मुलाचं नाव घ्या, मग प्रश्न. नाव शेवटी घेतलं की प्रश्न निघून गेलेला असतो. नंतर थांबा. मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांतल्या ध्वनिफिती तपासल्या, तेव्हा प्रश्नानंतर शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबतात असं आढळलं. थांबणं तीन सेकंदांवर नेलं की उत्तरं लांब होतात आणि ‘माहीत नाही’ कमी होतं. तीन सेकंद प्रत्यक्षात खूप मोठे वाटतात, मनातल्या मनात मोजा.

मुलाला मदत मागायचं वाक्यही शिकवावं लागतं. विसरलेलं मूल सहसा ‘विसरलो’ म्हणत नाही. ते शेजाऱ्याच्या वहीत पाहतं, पेन्सिलीला टोक करायला उठतं किंवा काहीतरी लिहून टाकतं. ‘बाई, दुसरी पायरी परत सांगता का?’ हे वाक्य त्याच्याकडून तीन-चार वेळा म्हणवून घ्या. आणि ते जेव्हा खरंच विचारेल, तेव्हा सुस्कारा न टाकता सांगा. एकदा जरी ‘आत्ताच तर सांगितलं!’ असं सगळ्यांसमोर ऐकावं लागलं, तर ते मूल पुन्हा विचारत नाही.

कामाचं ओझं कमी करा, अभ्यासाचा दर्जा नको

मुलाला जे शिकायचं आहे ते तसंच ठेवून भोवतीचा भार उतरवायचा, हे इथलं सूत्र आहे.

*फळ्यावरून उतरवणं.* फळा दूर आणि वही जवळ असते. दर वेळी नजर हलते, तेव्हा ओळ शोधावी लागते आणि शब्द धरून ठेवावे लागतात. विज्ञानाच्या तासाला धडा समजणं महत्त्वाचं असेल, तर मजकुराची प्रत सरळ बाकावर द्या. मुलाने त्यातले चार-पाच महत्त्वाचे शब्द गाळलेल्या जागी भरायचे. उतरवायचंच असेल, तर फळ्यावरच्या ओळी आलटून-पालटून दोन रंगांत लिहा आणि मुलाला अक्षराऐवजी दोन-तीन शब्द एकदम पुटपुटत लिहायला शिकवा.

*वाक्य लिहिणं.* मनात आलेलं वाक्य लिहिता लिहिता हरवतं, कारण अक्षरं, काना-मात्रा, जोडाक्षरं यांतच पाटी भरते. मुलाला आधी वाक्य मोठ्याने म्हणू द्या. जितके शब्द, तितक्या छोट्या रेघा वहीत मारू द्या. मग प्रत्येक रेघेवर एक शब्द. अडलं तर रेघा सांगतात की किती उरले. लांब लेखनात कल्पना, मांडणी आणि शुद्धलेखन एकाच बैठकीत मागू नका. पहिल्या दिवशी चिठ्ठ्यांवर फक्त मुद्दे, एका चिठ्ठीवर एक. नंतर चिठ्ठ्या क्रमाने लावायच्या. मग लिहायचं, आणि ऱ्हस्व-दीर्घ सगळ्यात शेवटी तपासायचं.

*वाचन.* लांब वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरली जाते. पहिल्या वाचनाआधी पेन्सिलीने अर्थाच्या तुकड्यांवर तिरप्या रेघा मारून द्या, ओळीखाली पुठ्ठ्याची पट्टी धरू द्या आणि दर परिच्छेदानंतर एका वाक्यात ‘काय झालं’ हे सांगू द्या. दहा परिच्छेद वाचून मग दहा प्रश्न विचारू नका.

*गणित.* चौकटींच्या वहीत एका घरात एक अंक. हातचा लिहायची जागा आधीच आखलेली. पायऱ्यांचं कार्ड बाकाला चिकटवलेलं: ‘एकक गुणा, हातचा वर लिहा, दशक गुणा, हातचा मिळवा.’ पाढे पाठ नसतील, तर नवी रीत शिकवताना पाढ्यांचा तक्ता समोर ठेवा. रीत आणि पाढा दोन्ही एकाच वेळी शोधत बसलं की दोन्ही निसटतात. पाढे पक्के करण्याचं काम वेगळ्या वेळी, रोज पाच मिनिटं. सोडवून दाखवलेलं एक पूर्ण उदाहरण पानाच्या वरच असू द्या. दुसऱ्यात शेवटची पायरी गाळलेली, तिसऱ्यात शेवटच्या दोन, असं करत चौथं पूर्ण मुलाचं.

आधाराची साधनं दिली की काम संपत नाही. कार्ड वापरणं हेही मुलाला एक जादा काम असतं, आणि ज्याची पाटी भरलेली आहे त्याला कार्डाकडे पाहायचं आठवतच नाही. म्हणून पहिले काही दिवस कार्ड सोप्या उदाहरणांवर वापरायला शिकवा. अडकल्यावर तोंडी उत्तर देऊ नका, बोट कार्डाकडे न्या. ‘आता कितव्या पायरीवर आहेस?’ एवढंच विचारा.

लक्ष: जागा, सुरुवात, तुकडे

‘पहिल्या बाकावर बसवा’ हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. पहिल्या बाकावरच्या मुलाच्या पाठीमागे अख्खा वर्ग असतो, आणि प्रत्येक आवाजाला ते मागे वळतं. दार, खिडकी, कचरापेटी आणि येण्याजाण्याची वाट यांपासून दूर, कडेला, दुसऱ्या रांगेत, शांत जोडीदाराजवळ आणि शिक्षकांच्या नेहमीच्या फेरीत येणारी जागा शोधा. दोन-तीन जागा प्रत्येकी एक आठवडा वापरून, वरच्यासारख्या खुणा करून ठरवा. शिक्षा म्हणून एकट्याचं बाक वेगळं टाकू नका.

फळ्याभोवतीची भिंत मोकळी ठेवा. बालवर्गातल्या मुलांवर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, चित्रं-तक्त्यांनी भरलेल्या खोलीत मुलं जास्त वेळ भरकटली आणि शिकलीही कमी. तक्ते मागच्या भिंतीवर लावा, चालू धड्याचा तेवढा पुढे आणा. आवाजांमध्ये सगळ्यात जास्त त्रास देतं ते बोलणं. लेखी कामाच्या वेळी शिक्षकांनीही दुसऱ्या मुलाशी खालच्या आवाजातच बोलावं.

सुरुवात न जमणाऱ्या मुलासाठी पहिली दोन मिनिटं निर्णायक असतात. पहिलं उदाहरण मुद्दाम सोपं ठेवा, नाहीतर पहिली ओळ बरोबर बसून करा आणि मग उठा. टिकत नसेल, तर कामाचे तुकडे करा. किती मोठे, ते तुमच्या नोंदीच सांगतील. मूल साधारण चार मिनिटं टिकत असेल, तर चार मिनिटांचा तुकडा: बारा उदाहरणांचं पान घडी घालून चारच दिसतील असं द्या. चार झाली की वही दाखवायची, खूण घ्यायची, पुढची घडी उघडायची. आठवडाभर हे बहुतेक वेळा जमलं की तुकडा पाच मिनिटांचा. चारवरून थेट दहावर उडी मारली की आधी कमावलेलं सगळं जातं. वेळ दिसेल असं घड्याळ, म्हणजे उरलेला भाग रंगाने कमी होत जाणारं किंवा साधं वाळूचं, उपयोगी पडतं. पण घाबरणाऱ्या मुलाला त्याचंच दडपण येतं, मग ते काढून टाका.

हालचालीला वेळ द्या. वह्या वाटणं, फळा पुसणं, निरोप नेणं, अशी एक ते तीन मिनिटांची कामं तुकड्यांच्या मध्ये ठेवा. उठण्याआधी पुढच्या उदाहरणावर पेन्सिलीने चांदणी काढायला सांगा. परत आल्यावर ‘कुठे होतो?’ हा शोध वाचतो. पाय हलवत, उभं राहून काम होत असेल तर होऊ द्या. अतिचंचल मुलांमध्ये हालचालीमुळे कधीकधी काम सुधारतं. निकष एकच: काम होतंय का, आणि शेजाऱ्याला त्रास होतोय का. हातात फिरवायची खेळणी या निकषावर बहुतेक वेळा नापास होतात, कारण नजरही त्यांच्याकडेच जाते.

थोड्या मोठ्या मुलांसाठी ‘जर-तर’ची वाक्यं कामी येतात. पीटर गोलवित्झर यांनी १९९०च्या दशकात यावर काम केलं आणि नंतर अवधानाच्या अडचणी असलेल्या मुलांमध्येही ती उपयोगी ठरली. ‘मी लक्ष देईन’ हा संकल्प ढोबळ आहे. ‘जर मागून आवाज आला, तर मी माझ्या ओळीवर बोट ठेवीन’ यात प्रसंग ठरलेला आहे आणि कृतीही. एका वेळी एकच वाक्य घ्या, मुलाच्या हाताने लिहून घ्या, तीन वेळा म्हणवा आणि एकदा खोटाखोटा आवाज करून प्रत्यक्ष करून घ्या.

शाबासकी आणि रोजचं कार्ड

या मुलांना दिवसभरात नुसतं ‘नाही, थांब, परत कर’ ऐकावं लागतं. चांगलं काही केलं तर काही सेकंदांतच, नेमकं काय आवडलं ते सांगा: ‘दुसरं संपल्यावर न सांगता तिसरं सुरू केलंस.’ चूक दाखवायच्या एका वाक्यामागे अशी तीन-चार वाक्यं पडायला हवीत. टोकायचं असेल तर जवळ जाऊन, हळू आवाजात, एका वाक्यात, आणि काय करायचं ते सांगून.

वागण्यात नियमित बदल हवा असेल तर रोजचं कार्ड करा. त्यात दोन किंवा तीनच गोष्टी, मोजता येतील अशा: ‘सूचनेनंतर एका मिनिटात काम सुरू’, ‘वही दप्तरात घेऊन घरी’. ‘नीट वागणं’ मोजता येत नाही. प्रत्येक तासानंतर लगेच खूण. सुरुवातीची पातळी अशी ठेवा की पाचपैकी चार दिवस मूल ती गाठेलच. घरी त्याच संध्याकाळी छोटं बक्षीस: जादा गोष्ट, खेळायला पंधरा मिनिटं. महिनाअखेरीची सायकल इथे कामाची नाही, ती फार दूर असते. मिळालेल्या खुणा परत काढून घेऊ नका, आणि वाईट दिवसाचा हिशोब दुसऱ्या दिवशी ओढू नका. दोन-तीन आठवड्यांनी बक्षिसाची नवलाई ओसरते, तेव्हा कार्ड न टाकता बक्षीस बदला. मधली सुट्टी कापण्याची शिक्षा देऊ नये. ज्या मुलाला हालचालीची सगळ्यात जास्त गरज आहे, त्याचीच हालचाल त्यात बंद होते.

शिकलेलं टिकावं म्हणून

धडा पुन्हा पुन्हा वाचल्याने येतोय असं वाटतं, पण टिकत नाही. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६च्या प्रयोगात, पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत फेरवाचन करणारे पुढे होते. आठवडाभराने मात्र न पाहता आठवून लिहिण्याचा सराव केलेले पुढे गेले. म्हणून तासाची पहिली पाच मिनिटं आठवण्याला द्या. चार प्रश्न: दोन कालचे, एक गेल्या आठवड्यातला, एक गेल्या महिन्यातला. सगळ्यांनी लिहायचं, हात वर करणाऱ्यांनीच नाही. गुण नाहीत. उत्तर लगेच सांगायचं आणि ज्याचं चुकलं त्याने बरोबर उत्तर लिहायचं.

स्मरणाची अडचण असलेल्या मुलासाठी पहिली आठवण फार लांब ठेवू नका, नाहीतर चुकीचंच उत्तर पक्कं होतं. शिकवल्यावर दहा मिनिटांनी एकदा, तास सुटताना एकदा, दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, आठवड्याने, तीन आठवड्यांनी. एखाद्या टप्प्यावर चुकलं, तर एक टप्पा मागे जायचं. एका वेळी नवे शब्द किंवा व्याख्या चार-पाचच. आठवत नसेल तर आधी पहिलं अक्षर सांगा, मग चित्र, आणि शेवटी उत्तर.

संगणकावर स्मरणशक्ती वाढवण्याचे खेळ पालक हमखास विचारतात. त्या खेळांनी मुलं त्या खेळांत आणि तशाच चाचण्यांत पुढे जातात. वाचन-गणितात त्याचा ठोस फायदा उतरत नाही, हे मेल्बी-लेर्वोग आणि ह्यूम यांनी २०१३ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासून दाखवलं. तो वेळ पाढे, वाचन आणि झोप यांना द्यावा. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रोज ९ ते १२ तास झोप लागते. ती नसेल, तर वरचे निम्मे उपाय लंगडे पडतात.

डॉक्टरांकडे कधी पाठवायचं

नजर आणि कान तपासून घ्या, अगदी पहिल्या आठवड्यात. सर्दीने कान वारंवार भरणारं मूल ‘लक्ष न देणारं’ दिसतं. घरातला ताण, भीती, वर्गाची भाषाच नीट न कळणं, यांचंही बाहेरून दिसणारं रूप तेच असतं.

मूल बोलता बोलता थांबून काही सेकंद शून्यात पाहत असेल, पापण्या फडफडत असतील, खांद्याला हात लावूनही भानावर येत नसेल आणि मग जणू काही झालंच नाही असं पुढे सुरू करत असेल, तर तो अपस्माराचा म्हणजे फिट्सचा एक प्रकार असू शकतो. दिवास्वप्नात हरवलेलं मूल हात लावल्यावर भानावर येतं. वेळ, किती सेकंद आणि दिवसातून किती वेळा हे लिहा आणि पालकांना लगेच डॉक्टरांकडे जायला सांगा.

एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलतेच्या विकाराचं, निदान शिक्षकाने करायचं नसतं, आणि पालकांसमोर तो शब्द ठामपणे वापरूही नये. डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या २०१३च्या अमेरिकी निदान-पुस्तिकेतल्या निकषांनुसार अवधानाच्या किंवा अतिचंचलतेच्या नऊ लक्षणांपैकी निदान सहा लक्षणं सहा महिने टिकलेली, बारा वर्षांच्या आधी दिसलेली आणि घर, शाळा अशा दोन किंवा अधिक ठिकाणी अडथळा करणारी असावी लागतात. ‘शाळेत कसा असतो?’ या डॉक्टरांच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या नोंदींत असतं, म्हणून त्या पालकांबरोबर द्या. औषध सुरू झालं तर तशाच खुणा पुढे चालू ठेवा, डबा खाल्ला जातो का, मूल पेंगतं का, हेही टिपा. औषधाने लक्ष टिकायला मदत होते, पण हातचा कुठे लिहायचा ते शिकवावंच लागतं.

आधार कमी करणं आणि पुढच्या वर्गाकडे देणं

एकदम सगळे बदल करू नका. एक-दोन निवडा, तीन आठवडे टिकवा, पुन्हा खुणा करा. २० पैकी ८ वरून १३ वर गेलं तर चालू ठेवा. काहीच हललं नाही, तर आधी पाहा की आपण तो उपाय खरंच रोज केला का. पुष्कळदा तो काही दिवसांतच बारगळलेला असतो.

जमू लागलं की आधार एक एक करून काढा: आधी पायऱ्यांच्या कार्डावरचे शब्द कमी करा, मग कार्ड बाकावरून दप्तरात, मग फक्त चाचणीच्या आधी एकदा पाहायला. दोन दिवस घसरलं तर मागचा आधार परत द्या. या उपायांनी कार्यस्मृतीची पाटी स्वतः फारशी मोठी होत नाही, म्हणून काही आधार मुलाजवळ कायम राहतील. मोठी माणसंही यादी करतात.

वर्ष संपताना पुढच्या शिक्षकांसाठी एकच पान लिहा. त्यात मुलाचं काय जमतं हे आधी, मग तीन गोष्टी: एका वेळी किती सूचना झेपतात, किती मिनिटांचा तुकडा टिकतो, आणि कोणती दोन साधनं लागू पडली. जे करून पाहिलं आणि लागू पडलं नाही तेही लिहा, म्हणजे जूनमध्ये पुन्हा तिथूनच सुरुवात होणार नाही. पान देण्याआधी मुलाला वाचून दाखवा आणि त्याला काही घालायचं असेल तर त्याच्याच शब्दांत घाला. ‘मला नाव घेऊन मग प्रश्न विचारा’ एवढं जरी त्याने सांगितलं, तरी ते पानाच्या अगदी वर लिहा.